उमेदवार क्रमांक एकोणीस

अकोल्याच्या बीजकोश संस्थेतल्या प्रयोगशाळेत नीळकंठ देवतळे तिसऱ्यांदा त्याच प्रश्नाला अडखळले.

“हे काम तुम्हाला का हवं आहे?” डॉ. रेहाना काझीने पुन्हा विचारलं.

“शीतगृहाचं काम मला जमते. सत्तावीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो...”

“जिनिंग नको, काका. जिनिंग आलं की बाई ओळखतील. कारखाना म्हणा. आणि ‘जमते’ नाही, ‘जमतं’.”

“छप्पन्न वर्षं ‘जमते’च म्हटलं ना, बेटा.”

“म्हणूनच तर.”

संगणकापाशी बसलेले, भरतीचं काम बघणारे डॉ. उमप हसले. “लोक मुलाखतीत स्वतःला दाखवायची तयारी करतात. हे लपवायची करताहेत.”

नीळकंठरावांची पत्नी डॉ. कुमुद देवतळे तीस वर्षं याच संस्थेत होती. नोकरभरतीच्या मुलाखती तीच घेई. वशिला चालत नसे, ओळख चालत नसे. संस्थेने निवृत्तीआधी तिच्या विचार करण्याच्या पद्धतीची नोंद करून ठेवली. रेहानाने, तिच्याच विद्यार्थिनीने, त्या नोंदीतून संगणकावर तिच्याच आवाजात बोलणारा तिचा मनठसा घडवला. गेल्या मार्चमध्ये कुमुद वारली. मुलाखती मनठसा घेत राहिला.

“बाईंचा नियम मनठशातही आहे,” उमप रेहानाला म्हणाले. “समोर नातेवाईक दिसला की तसं जाहीर करायचं आणि उठून जायचं. सख्ख्या भाच्याच्या वेळी बाई दोन मिनिटांत बाहेर आल्या होत्या. यांनाही तेवढीच मिळतील.”

“ओळखलं तर. तिला नाव, चेहरा, आवाज काहीच कळत नाही. उमेदवाराचे शब्द तेवढे लिहून पोचतात.”

“नवऱ्याला ओळखायला तेवढे पुरतात.”

“म्हणून तर अकरा दिवस घासून घेतेय.”

“घ्या. ओळखलं तर उठेल, मुलाखत थांबेल, एवढंच होईल. त्यात संस्थेचं काही बिघडत नाही.” मग ते नीळकंठरावांकडे वळले. “एक लक्षात ठेवा. प्रत्येक मुलाखतीनंतर ती सगळं विसरते. म्हणजे आधीच्या उमेदवाराची छाप पुढच्यावर पडत नाही. तिच्या लेखी रोज तीच सकाळ असते, नोंद झाली ती. त्या सकाळी बाई जिवंत होत्या. आपण गेलो हे तिला माहीत नाही.”

“मी नाही सांगणार,” नीळकंठराव म्हणाले.

त्यांना नोकरी मिळाली तर हवीच होती. पण अर्ज त्यासाठी केला नव्हता. मुलाखतीची वीस मिनिटं कुमुदचा आवाज ऐकायचा होता आणि ती आपल्याशी बोलतेय असं व्हायला हवं होतं. ध्वनिफिती घरी होत्या. त्या बोलायच्या, पण विचारायच्या काही नाहीत.

रेहानाने एक्केचाळीस शब्दांची यादी केली होती. मशीन ‘रुसली’ म्हणायचं नाही, ‘बंद पडली’ म्हणायचं. वाक्याच्या शेवटी ‘ना’ नको. नीळकंठराव घरी भांडी घासताना पाठ करत. एकदा त्यांना वाटलं, या यादीतले शब्द काढल्यावर आपल्यात काही उरत नाही. तरी ते पाठ करत राहिले.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खोलीत टेबल, खुर्ची आणि भिंतीवर ध्वनिवर्धक होता.

“या, क्रमांक एकोणीस. बसा. पाणी घेतलंत?”

आवाज तिचाच होता. मग ते म्हणाले, “घेतलं. आभारी आहे.”

“शीतगृहाचं तापमान उणे अठरावरून उणे अकरावर आलंय. वीज नाही. आधी काय कराल?”

“दार उघडणार नाही. लोक आधी दार उघडून बघतात. तिथंच बियाणं जातं. जनित्र चालू होईपर्यंत दारापाशी माणूस उभा करेन.”

“तो माणूस म्हणाला, साहेबांनी उघडायला सांगितलंय, तर?”

“साहेबांना माझ्याकडे पाठवायला सांगेन.”

ती थोडं हसली. तिसरा प्रश्न गळतीचा होता. त्यांनी यादीतला एकही शब्द न वापरता उत्तर दिलं.

“घरी कोण कोण आहे?” तिने विचारलं.

हा प्रश्न तयारीत नव्हता. नीळकंठरावांनी टेबलाची कड धरली. आपण तिच्यासाठी अनोळखी आहोत, अनोळखी माणसाने खरं सांगायला हरकत नाही, असा त्यांनी हिशेब केला.

“कोणी नाही. बायको होती. ती वारली.”

“केव्हा?”

“मार्चमध्ये.”

मग तिने विचारलं, “त्रास झाला का तिला फार?”

“शेवटचे नऊ दिवस. नंतर झोपेतच.”

“जवळ कोण होतं?”

“मी होतो.”

“बरं.” ती थांबली. “स्वयंपाक जमतो?”

“भात खाली लागतो.”

“आच कमी ठेवत जा. झोप लागते?”

“पहाटे लागते.”

वीस मिनिटांचा दिवा लागून विझला. ती विचारत राहिली. डोळे तपासले का, गुडघा कसा आहे, चार माणसांत जाता की घरीच बसता. नीळकंठरावांना वाटलं, कुमुद सगळ्याच उमेदवारांशी अशी मायेने बोलत असेल. त्यांना थोडा हेवाही वाटला. बावन्नाव्या मिनिटाला ती म्हणाली, “या आता. जपून जा.”

बाहेर उमप आणि रेहाना पडद्यावरच्या मुलाखतीच्या नोंदपटासमोर उभे होते. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही.

“ओळखलं नाही तिने,” नीळकंठराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. “पास झालो की नाही?”

उमपांनी पडदा वळवला. “गुणांची जागा कोरी आहे. वर वाचा.”

नीळकंठरावांनी वाचलं. *नात्याची ओळख: तिसऱ्या प्रश्नानंतर. नाते: पती. खात्री: शंभरात अठ्ठ्याण्णव. जाहीर केले: नाही.*

ते तिथेच बाकावर बसले. घरी कोण कोण आहे, हे तिने त्यानंतर विचारलं होतं.

“बाई उठल्या नाहीत,” उमप हळू म्हणाले. “एकदा नातं लपवलं म्हणजे मागच्या सगळ्या निवडींवर संशय येतो. हा नोंदपट आपोआप भरती आयोगाकडे जातो, मला थांबवता येत नाही. आज मनठसा पुसावा लागेल. निकटच्या नातेवाइकाची सही लागते. माझं चुकलं, देवतळे. मला वाटलं होतं, ती उठेलच.”

रेहानाने डोळे पुसले. “काका, पुसायच्या आधी एकदा चालू करते. आता लपवायचं काही नाही. पाहिजे तेवढं बोला, तुमच्या बोलीत बोला.”

“आत्ताचं तिला आठवत असेल?”

“नाही. तिच्यासाठी पुन्हा तीच सकाळ.”

“मग नको,” नीळकंठराव म्हणाले. “जागी झाली की ती मला ओळखणार. ओळखलं की घरचं विचारणार. मला पुन्हा सांगावं लागेल, तू गेलीस म्हणून. तिनं ते एकदा ऐकलं, बेटा. कागद दे.”