शेजारची सीट

मी कॅटलॉगसाठी वस्तूंचे फोटो काढतो. नळ, बूट, कुकर. माणसांच्या वाटेला जात नाही. माणसं हलतात आणि नंतर स्वतःच्या नाकावरून माझ्याशी वाद घालतात. त्यामुळे दुपारी डबा उघडताना खटपट्याचा फोन आला, "कॅमेरा घे आणि असशील तसा निघ, गाडीचे फोटो काढायचेत," तेव्हा मला बरंच वाटलं.

खटपट्या माझा शाळेपासूनचा मित्र. चालू पंखासुद्धा उघडून बघणारा माणूस. वहिनी म्हणायच्या, "मला तेवढं उघडून बघू नकोस बाबा." पण वहिनींची थट्टा ऐकून आता बरेच महिने झाले होते. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांचे पाय गेले. जखम भरली, डॉक्टर घरी न्या म्हणाले, पण वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. बोलणं बंद, जेवण नावापुरतं. असंच चाललं तर त्या हातच्या जातील, असं मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि खटपट्याने गाडी खोलायला घेतली.

वेल्डरच्या शेडमध्ये ती उभी होती. तीच जुनी करडी गाडी. पण ड्रायव्हरच्या शेजारची सीट आता बटण दाबलं की वळून दाराबाहेर यायची आणि चाकाच्या खुर्चीच्या उंचीला उतरायची. वेल्डर जेवायला गेला होता. सगळीकडे थिनरचा वास होता. खटपट्याची दाढी वाढलेली, बोटं भाजलेली.

"मोबाइलवर काढली तर ही सीट दातांच्या डॉक्टरची खुर्ची दिसते रे," तो म्हणाला. "व्हिडिओ बघून तिला गरगरतं. तू असा फोटो काढ की तिला तिथे बसावंसं वाटेल. माझ्याकडे आता दुसरं काही उरलं नाही."

मी कामाला लागलो. रंगात माझंच प्रतिबिंब पडू नये म्हणून काळं कापड पांघरलं. सीटच्या डोक्याच्या उशीवर ओला डाग होता, तो पुसला. गाडी धुतली असेल, म्हणून विचारलं नाही. सीट बाहेर काढून, दार पूर्ण उघडून एक फोटो घेतला. स्वच्छ आला. खटपट्याने तो हॉस्पिटलमधल्या सिस्टरांच्या फोनवर पाठवला.

लगेच सिस्टरांचा फोन आला. "अहो, त्यांनी बघितला! बोलल्यासुद्धा!"

खटपट्याने फोन स्पीकरवर टाकून बॉनेटवर ठेवला. पलीकडून वहिनींचा आवाज आला, गंजल्यासारखा.

"माझ्या जागेवर ती कोण बसलीये?"

खटपट्या रडायलाच लागला. "बोलली रे," तो मला म्हणत होता. प्रश्न त्याने ऐकलाच नव्हता.

मी फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा बघितला. रिकामी सीट, नवं कापड, पट्टा. काचेत समोरच्या झाडाची सावली पडली होती, तिलाच वहिनी बाई समजल्या असणार. मी काचेवर माझं कापड टाकलं आणि दुसरा फोटो काढून पाठवला.

"अजून आहे," वहिनी म्हणाल्या. "केस ओले आहेत तिचे. आता माझ्याकडे बघतेय."

मी वळून सीटकडे पाहिलं. उशीवरचा डाग परत आला होता.

मी हात लावला. ऊन तिथवर पोचत नव्हतं, तरी बसायची जागा ऊबदार होती. नुकतंच कोणीतरी उठून गेल्यावर असते तशी. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

"बास झालं," मी खटपट्याच्या कानात म्हणालो. "आपण तिकडे जाऊ. समोरासमोर बोल त्यांच्याशी."

त्याने माझं मनगट धरलं. "पाया पडतो तुझ्या. सिस्टर म्हणतायत ती उठून बसलीये. इतक्या दिवसांनी भांडतेय माझ्याशी. आता थांबू नकोस."

"तिला उतरव आधी," फोनमधून वहिनी म्हणाल्या.

खटपट्या सीटसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने हात जोडले.

"उतरा हो बाई," तो रिकाम्या जागेला म्हणाला. "ही जागा तिची आहे. मी तिच्यासाठी केलीये. तिला येऊ द्या."

मी तिसरा फोटो काढला. तो लगेच पाठवला.



"गेली," वहिनी म्हणाल्या. मग हसल्या; बारीक, पण त्यांचंच हसू. "छान केलीयेस रे सीट."

"येतेस ना घरी?"

"येते की."

फोन बंद झाला. खटपट्याने मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला थिनर आणि घाम यांचा वास येत होता. मीही डोळे पुसले. कॅमेरा बॅगेत भरत होतो तोवर तो सीट आत घेऊन दार लावत होता. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुपारची गर्दी. लगेच निघायला हवं होतं.

फोन पुन्हा वाजला. त्याने तो पुन्हा स्पीकरवर टाकला.

"असं काय करता हो तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "तुमच्याकडच्या बाई आल्या आणि त्यांना खाली घेऊनसुद्धा गेल्या. निदान फाइल तरी न्यायची."

"कोण बाई?"

"मला काय माहीत? पावसात भिजल्यासारख्या होत्या."

बाहेर लख्ख ऊन होतं.

"सिस्टर, त्यांना थांबवा!" खटपट्या ओरडला. "मी निघालोच. गाडी घेऊन येतो."

"गाडी तर खाली उभीच आहे. मी खिडकीतून बघतेय ना. करडी. सीट बाहेर काढलेली. त्या बसल्यासुद्धा, किती खूश दिसतायत बघा."

खटपट्याने दोन्ही हात गाडीच्या टपावर घट्ट दाबून धरले. मीही धरले.

"सिस्टर," तो म्हणाला, "स्टिअरिंगवर कोण आहे?"

"चेष्टा करता का माझी? तुम्हीच तर बसलाय. निघा बरं आता, मागे अ‍ॅम्ब्युलन्स थांबलीये."

फोनमधून हॉर्न ऐकू आला. मग दार लागल्याचा आवाज.

"हां, निघालात," सिस्टर म्हणाल्या. "सावकाश न्या हं त्यांना."