नारळाचं पाणी आणि इंजिनाचा डबा

वर्तकनगरच्या नाक्यावर भर दुपारी माझी गाडी बंद पडली आणि मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला घेतले. एक जण सोडून.

स्टिअरिंगवर मंदाकिनीकाकू होत्या. वय बावन्न, माझ्याकडे गाडी शिकण्याचा अठरावा दिवस. "मी काहीच केलं नाही हो, मेघाली," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. खरंच केलं नव्हतं. गेले तीन आठवडे गाडी तापली की अशीच मान टाकायची, आणि अर्धा तास थंड होईपर्यंत काही केल्या चालू व्हायची नाही.

हॉर्न न वाजवणाऱ्याने स्कूटर कडेला लावली आणि तो माझ्या खिडकीशी आला. चेक्सचा शर्ट, खिशाला टेस्टर, आणि डोळे... जाऊ दे.

"बंद पडताना धक्के देते, की एकदम?"

"एकदम. तुम्ही मेकॅनिक आहात?"

"नाही. मी फक्त डबे उघडतो. गाड्यांचे ईसीएम. इंजिनाचा कॉम्प्युटर असतो ना, तो."

"तोच गेलाय," मी म्हटलं. "सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बदलायलाच हवा. आणि या मॉडेलचा नवा आता येत नाही. गाडी भंगारात द्या म्हणाले." बोलता बोलता माझा आवाज चिरकला. परक्या माणसासमोर चिरकला याचा मला फार राग आला.

"बदलायचा कशाला?" तो शांतपणे म्हणाला. "आधी दुखतंय कुठे ते तरी बघू या ना."

त्याचं नाव संदेश. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ त्याचं दुकान. गाडी थंड होईपर्यंत तो आमच्यासोबत उन्हात थांबला आणि संध्याकाळी चेंदणी कोळीवाड्यात आमच्या दारात येऊन त्याने तो डबा काढून नेला. बाबा ओट्यावर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

बाबांचं हे गप्प बसणं मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी होडी विकली, तेव्हाही असेच बसले होते. खाडीत मासळी उरली नव्हती, आणि मला बायकांसाठी ड्रायव्हिंगचा क्लास काढायचा होता. होडी गेली आणि ही जुनी गाडी आली. माझ्या क्लासमधल्या सहा बायकांची सोमवारी आरटीओत परीक्षा होती. पण खरं सांगू? मला परीक्षेपेक्षा जास्त भीती याची होती, की गाडी भंगारात गेली तर बाबांची होडी फुकट गेली.

शनिवारी मी विठ्ठलवाडीला गेले. दुकान एवढंसं, दोन माणसं मावतील न मावतील असं. टेबलावर माझा डबा उघडा पडला होता.

"बसा," संदेश म्हणाला. "एक विचारू? रागवू नका. तुमच्या गाडीच्या डब्यात कुंकू कसं आलं?"

मी त्याच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. पिनांच्या मुळाशी हिरवट गंज चढला होता, आणि त्या हिरव्यात लालभडक कण. मला एकदम नारळी पौर्णिमा आठवली. दर वर्षी बाबा होडीच्या इंजिनाला कुंकू लावायचे आणि त्यावर नारळाचं पाणी ओतायचे. होडी गेली, पण हात थांबतो थोडाच? यंदा त्यांनी गाडीचं बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीशेजारच्या त्या काळ्या डब्याची साग्रसंगीत पूजा केली. अख्खा नारळ रिकामा केला.

"होडीच्या इंजिनात कॉम्प्युटर नसतो हो..." मी पुटपुटले.

तो हसला नाही. हसला असता तर मी तिथून उठले असते. त्याने केस वाळवायचा ड्रायर डब्यातल्या सर्किटच्या प्लेटवर धरला. प्लेट तापली तसा तपासणीसाठी तिला जोडलेला हिरवा दिवा विझला. "बघा. गंजलेला सांधा तापला की सुटतो. बाकी सगळं ठणठणीत आहे. गंज काढायचा, सांधा सोल्डरने नव्याने जोडायचा, पाणी जाणार नाही असं बंद करायचं. आणि हा जुनाच राहिला की एक फायदा... तुमची चावी त्याला ओळखीची आहे. नव्याला सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं."

"बाबांना कुंकवाचं सांगू नका," मी म्हटलं. "प्लीज."

"नाही सांगणार." आणि मग खाली बघत, "चहा घेणार? म्हणजे... सोल्डर थंड व्हायला वेळ लागतो."

सोल्डर थंड व्हायला किती वेळ लागतो मला माहीत नाही. आम्ही तीन चहा प्यायलो.

रविवारी सकाळी त्याने डबा बसवला. गाडी चालू झाली, पण थंड असताना ती नेहमीच व्हायची. खरी परीक्षा तापल्यावर. मी चालवायला बसले आणि तो बाजूच्या सीटवर, जिथे एरवी मी बसते. घोडबंदर रोडला लांब चक्कर, एसी फुल्ल, वर ऑक्टोबरचं ऊन. तापमानाचा काटा चढत गेला. पंधरा मिनिटं. पंचवीस. चाळीस. वर्तकनगरचा नाका आला.

"मेघाली," तो म्हणाला. 'मॅडम' नाही. "मला एक..."

आणि गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली.

मागे हॉर्न सुरू झाले. माझे हात स्टिअरिंगवरून खाली आले आणि डोळे भरूनच आले. संपलं सगळं. सहा बायका, क्लास, होडी.

"थांबा," संदेशचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या पायाखाली हे काय आहे?"

मी बघितलं. माझ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. त्याचा बूट त्यावर होता, पुरता दाबलेला. मी क्लच दाबायच्या आतच गाडी थांबली होती, मग बंद पडणारच.

"तुम्ही ब्रेक मारलात?"

"बोलायला गेलो की माझे पाय ताठ होतात," तो म्हणाला. "आता चावी फिरवा."

तापलेली गाडी आजवर एकदाही लगेच उठली नव्हती. मी चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात उठली. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागले, रडता रडताच. मागचा रिक्षावाला काय काय बोलून पुढे गेला, मला त्याचंही कौतुक वाटलं.

"काय बोलणार होतास?" मी विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं कळलंच नाही.

"की गाडी बरी झाली... तर माझ्याकडे यायला कारण उरणार नाही. आणि मला तू यायला हवी आहेस." त्याने दोन्ही पाय सीटवर वर घेतले होते. "आता ब्रेक नाही मारणार. सांग."

"पाय खाली घे," मी म्हटलं. "येईन मी. मला यायचंच आहे."

सोमवारी सहाही जणी पास झाल्या, पण त्याआधी, रविवारी आम्ही घरी परतलो तेव्हा दारात बाबा उभे होते. त्यांनी चालत्या इंजिनाला कान लावला, होडीच्या इंजिनाला लावायचे तसा.

"काय झालं होतं रे हिला?"

संदेशने माझ्याकडे पाहिलं. "खाडीची दमट हवा, काका."

"चाळीस वर्सं काढली मी खाडीवर," बाबा म्हणाले. "तिच्या हवेत कुंकू नसतं. डबा काढलास तवाच लाल दिसलं मना."

बाबांनी आतून नारळ आणला आणि संदेशच्या हातात दिला. "चुकलो मी. फुडच्या नारळी पुनवेला ये आन् कुठं फोडायचा ते दाखव."

"पुनव अजून दहा महिने लांब आहे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मंग? त्याच्याआधी येऊ नको असं बोललो का मी?"