राजीखुशीनं

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली, तशी दिपमालानं खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. तेवढ्यात पलीकडच्या हातातून आणखी एक रुमाल आला आणि तिच्या रुमालावर अलगद पडला. खाली गुलाबी, वर निळा.

"माझा आधी पडलाय," ती आत शिरत म्हणाली.

"कबूल. पण माझा वर आहे, म्हणजे ताबा माझा. वकील आहे मी."

"मग कोर्टात बसा की!"

तो हसला... आणि खिडकी तिला देऊन कडेला टेकला. नाव ललित. घर धुळ्याचं, वकिली जळगावची, दर सोमवारी हीच गाडी. मग ज्याचा हात आधी पोचेल त्यानं दोघांसाठी रुमाल टाकायचा, असंच ठरून गेलं. पारोळ्यापर्यंत गप्पा, एरंडोलपर्यंत भांडण, आणि पुढे उगाच अबोला — बाहेर कपाशीची रानं पांढरी होत जायची, आत तिची एक बट उडत राहायची. त्यानं पाहिलं की ती घाईनं कानामागे सारायची. मग तीच बट पुन्हा हळूच सुटायची.

दिपमाला जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करत होती. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या कंबरेचं दुखणं, बोटांच्या चिरा, हा तिचा विषय. पण माणसांवर संशोधन करायचं तर आधी नीतिसमितीची मंजुरी हवी. तोवर दुखण्याचा एक प्रश्नही विचारायचा नाही. समितीनं अट घातली होती : प्रत्येक बाईनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगून संमती द्यायची, आणि ती रेकॉर्ड करायची.

"समितीची अट समजावायला शिंदखेड्याकडे गेले, तर गुंताबाई काय म्हणाली माहितीये?" एका सोमवारी दिपमालानं डोक्यावर ओढणी घेऊन नक्कल केली. "'बठ्ठं सांगसू माय, पन त्यासनं नाव नही लिसू!'"

"म्हणजे पूर्ण नावातला नवराच आडवा आला?" ललित पोट धरून हसला. "या बायका ते नाव कधीच घेत नाहीत?"

"घेतात ना. उखाण्यात."

"तुम्हाला येतो?"

"येतो. पण नाव कुणाचं घेऊ?"

गाडी वळणावर कलली, खांद्याला खांदा लागला... आणि वळण सरल्यावरही दोघांना सावरून बसायची आठवण झाली नाही.

पुढच्या सोमवारी सीटवर निळा रुमाल नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. तिनं मेसेज केला : बरे आहात ना? दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. पायलीभर दाण्यांत खडा शोधावा तशी ती आपलाच एकेक शब्द निवडत बसली. जास्त बोलले का? हसताना फार जवळ गेले? एकदा तो स्टँडवर दिसलाही; तिला पाहून मागच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी पारोळ्याला गाडी थांबली, तरी दिपमाला चहाला उतरली नाही.

त्यात समितीची बैठक आली. अर्ज परत आला तर पुढची बैठक संक्रांतीनंतर, म्हणजे कपाशी उपटून रानं मोकळी झाल्यावर. वर्ष हातचं जाणार. तिनं दार ढकललं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

टेबलाशी सदस्यांच्या रांगेत ललित बसला होता.

तिला पाहताच तो उठला. "मॅडम, या अर्जाला मी बसत नाही. कारण सकाळी सांगितलंय," एवढं अध्यक्षांना म्हणाला आणि तिच्या अंगावरून, मान खाली घालून, निघून गेला.

कारण? कसलं कारण? बसमध्ये केलेली ती नक्कल... समितीची थट्टा वाटली की काय त्याला?

"बसा," अध्यक्ष डॉक्टर प्रमिलाबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणता; मग पूर्ण नावाशिवाय संमती कशी चालायची?"

"मॅडम, त्या नाव घेतील... उखाण्यात. उखाण्यातच संमती द्यायची. तीच रेकॉर्ड करू."

"कशी? एक म्हणून दाखवा बरं."

गुंताबाईच्या नवऱ्याचं नाव पुना, ते घ्यायचं मनात पक्कं होतं. तिनं डोळे मिटले.

"काळ्या रानात फुटलं पांढरं बोंड,
ललितरावांचं नाव घेते, राजीखुशीनं उघडते तोंड."

दिपमालानं डोळे उघडले — आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. कानाच्या पाळ्या चटकन तापल्या.

प्रमिलाबाईंनी चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले. हसून हसून आलं होतं पाणी. "म्हणजे हे होय! वकीलसाहेब सकाळी म्हणाले, या मुलीच्या बाबतीत माझं मन तटस्थ नाही. आम्हाला वाटलं, शेताच्या बांधावरनं वाद असेल." त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. माना डोलल्या. "संमती स्पष्ट आहे. मंजूर. मात्र गुंताबाईला तिच्याच नवऱ्याचं नाव घेऊ द्या हो."

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, बसथांब्याच्या निंबाखाली ललित येरझाऱ्या घालत होता.

"काय झालं?"

"समितीचं कामकाज गोपनीय असतं, वकीलसाहेब."

"दिपमाला..." पहिल्यांदाच नुसतं नाव. "सदस्य झालो आणि पहिल्याच गठ्ठ्यात तुमचा अर्ज. मग शेजारी कसा बसणार होतो? उद्या कुणी म्हटलं असतं, हिला मंजुरी बसमध्ये मिळाली."

"एक ओळ तरी लिहायची! मी इथे रोज..." तिचा आवाज फाटला.

"खोटं लिहिता येईना. आणि खरं... आधी तुम्हालाच सांगायचं होतं. ते चार लोकांपुढे सांगावं लागलं."

"मीही चार लोकांपुढेच सांगून आले," ती जमिनीकडे पाहत म्हणाली.

"काय?"

धुळ्याची गाडी आली. माणसं धावली. ललितनं घाईघाईत खिडकीतून हात घातला आणि निळा रुमाल टाकला. दिपमालानं त्याच्याच हाताखालून हात घालून आपला गुलाबी त्यावर ठेवला.

"आता ताबा माझा," ती म्हणाली. "चढा. पारोळ्यापर्यंत सांगते."