तिसऱ्या गाडीतली सीट

माझे वडील सांगलीत ट्रकच्या सीटा भरायचे. तोंड खोटं बोलेल, बूड बोलणार नाही, असं ते म्हणत, आणि फाटक्या सीटवर नुसता हात फिरवून ड्रायव्हरचं वजन, त्याचा दुखरा गुडघा, पाकीट कुठल्या खिशात ठेवतो तेसुद्धा सांगत. ती विद्या लग्नानंतर मी शारजाला आणली.

माझे यजमान चंद्रहास. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं गॅरेज होतं. जुन्या मोठ्या गाड्यांचा पत्रा, रंग, इंजिन नवं करून द्यायचं काम. मागच्या शेडमध्ये सीटांचं काम मी आणि हारुनमास्तर बघायचो. मास्तर मुलतानचे, मशीनवर बसले की तासन् तास बोलायचे नाहीत, म्हणून आमचं जमायचं. चंद्रहास मिरजेला स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय पाऊण इंच आखूड. पंच्याऐंशी किलोचा भार सगळा उजव्या मांडीवर, डावा गुडघा बाहेर फेकलेला. घरच्या, गॅरेजच्या प्रत्येक खुर्चीत मी डावीकडे फोमची पाचर भरायची, तरी कंबर दुखायचीच. चकार शब्द काढायचे नाहीत, पण उठताना भिंत धरायचे.

१९९८च्या मे महिन्यात एका एजंटनं तीन लष्करी गाड्या आणून उभ्या केल्या. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा चिमुकल्या देशाच्या. आमच्या लेकीच्या, काव्याच्या अ‍ॅटलासमध्ये तो देश तिच्या करंगळीखाली झाकला जात होता. एजंटच्या फायलीत त्या लष्कराकडच्या एकूण सामानाची यादी होती: ब्राझीलमध्ये बनलेल्या या सहाचाकी चिलखती गाड्या, थोड्या जीप, बेल्जियमच्या जुन्या रायफली, चार-दोन उखळी तोफा. अख्खं लष्कर शुक्रवारी संध्याकाळी शारजातल्या रोला पार्कात उभं केलं असतं तर गर्दीत हरवलं असतं. एवढ्याशा सामानावर शेजारच्या देशाशी लढता येत नाही. मग ते कुणावर चालवलं असेल, हे कळायला मला फाइल लागली नाही. मला त्या गाड्यांची पहिल्या दिवसापासून किळस आली. रंगवून त्या आफ्रिकेत विकायच्या होत्या, म्हणजे तिकडे आणखी कुणाच्या तरी अंगावर जाणार होत्या.

चंद्रहास म्हणाले, गाडीचा काय दोष? काम घेतलंय ते करू.

दोन गाड्या सुक्या निघाल्या. तिसरीचं मागचं दार उघडलं आणि मी पदर नाकाला लावला. बंद डब्यात आठवडाभर राहिलेलं ओलं फडकं, त्यात घाम, आणि त्या सगळ्याखाली काहीतरी गोडसर. छताला मशीनगन बसवायची कडी होती, भिंतींना रायफली अडकवायच्या पकडी. दोन्ही बाजूंना शिपायांची बाकडी. त्यांच्या फटीत मी बोटं घातली तर कुरतडलेली नखं निघाली. एक-दोन नव्हे, मूठभर. हात तीनदा धुतला तरी दुपारचं जेवण गेलं नाही.

सीटा काढून मास्तरांनी शेडच्या छतावर टाकल्या. चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. चार दिवसांनी ड्रायव्हरची सीट दाबली तर तांबूस पाणी निघालं.

"भाभीजी, ये सूखेगा नहीं," मास्तर म्हणाले. "कोई अब भी बैठा है इस पर."

मी त्यांना गप्प केलं आणि रेक्झिन उसवलं. आतला फोम वीस वर्षांचा तरी असावा. उजवीकडे खोल खड्डा, डावीकडे जेमतेम दाबलेला, डाव्या मांडीची खूण बाहेर वळलेली. वजन ऐंशीच्या वर. मी पुन्हा हात फिरवला. मग डोळे मिटून फिरवला. ही बैठक मला वाचावी लागलीच नाही, कारण अशी बैठक मी गेली बारा वर्षं रोज भरत होते. आणि चंद्रहास त्या गाडीत अजून एकदाही चढले नव्हते.

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते?

गिऱ्हाइकाला मूळ सीट हवी, असं एजंटनं कळवलं, म्हणून ती परत बसवावी लागली. दुसऱ्या दिवशी स्टीअरिंग तपासायला चंद्रहास आत गेले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. मी झडपेतून वाकून पाहिलं. डोळे मिटून बसले होते. त्या सीटमध्ये ते इतके चपखल बसले होते की मला शिसारी आली.

"सुलू," ते म्हणाले, "कंबर दुखत नाहीये."

तिथून सुरू झालं. दुपारी एक ते चार गॅरेज बंद असायचं. तेव्हा चंद्रहास अल मजाज भागातल्या आमच्या घरी येऊन जेवायचे, जरा पडायचे. ते बंद झालं, ते तीन तास आता त्या सीटवर जायचे. डबा पाठवला तर तसाच परत यायचा. त्यांच्या पँटा बुडाशी ओल्या असायच्या आणि त्यांना ते कळायचं नाही. मी त्या चिमट्यानं उचलून मशीनमध्ये टाकायची. तीन धुण्यांनंतरही पाणी तांबूस निघायचं, आणि शिवणींत बारीक पांढरी मुळं अडकलेली असायची, कोथिंबिरीच्या जुडीला असतात तशी. शेजारी झोपायचे तेव्हा तो गोडसर वास यायचा. मी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. लाज वाटायची, पण किळस लाजेपेक्षा मोठी होती.

मी सरळ हत्यार उपसलं. जुना फोम फेकला आणि ट्रकवाले शिव्या देतील असा टणक, सपाट फोम भरला. एजंटला काय कळणार होतं! दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर उजवीकडे तोच खोल खड्डा पडलेला, आणि फोम ओला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रहासनी जेवताना सहज सांगितलं, की गाड्यांबरोबर ते स्वतः जाणार. तिकडे कुणीतरी चालवून दाखवायला हवं. मी विचारलं, परत कधी? त्यांनी ताटावरून वर पाहिलं नाही.

"तिथं दुखत नाही गं," ते म्हणाले.

काव्यानं विचारलं, "बट यू आर कमिंग बॅक, राइट?" त्यांनी आमटी वाढून घेतली.

त्या रात्री मी ठरवलं, जाऊ द्यायचं नाही.

माझी सासू कुणी फार दिवस अंथरुणाला खिळलं की उतारा काढायची. दहीभात, लिंबू, कुंकू माणसावरून तीनदा ओवाळायचं, तिठ्यावर ठेवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. त्या माणसात जे शिरलंय ते उताऱ्याबरोबर जातं म्हणे. मी तिची यथेच्छ थट्टा केलेली. आता मीच दहीभात कालवला. शुक्रवारी दुपारी चंद्रहास खुर्चीत पेंगत होते, तेव्हा त्यांच्यावरून तीनदा ओवाळला. पण शारजात तिठ्यावर भात ठेवला तर नगरपालिकेचा माणूस दंडाची पावती फाडेल. मग म्हटलं, ती गाडीच तर दूर जाणार आहे.

सुट्टीमुळे गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. मी सीटचं रेक्झिन उसवलं आणि कोपरापर्यंत हात घालून भात आत ठेवला. फोम कोमट होता.

आणि मग माझ्या मनगटावर भार आला. कुणी वर बसावं तसा.

मी हात उपसला.

"ह्यांच्यात तुझं जे काही असेल," मी म्हटलं, "ते घेऊन जा."

शिवण घातली. मागं न बघता घरी आले.

सोमवारी ट्रेलर आला आणि गाड्या बंदरावर गेल्या. चंद्रहास बाहेरही आले नाहीत. आपण बरोबर जाणार होतो, हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. चहा मागितला, पेपर वाचला, जेवायला घरी आले. आठवड्याभरात लंगडणं गेलं. डॉक्टरनं दोनदा पाय मोजला आणि जुना एक्स-रे मागितला. वास गेला, पँटा कोरड्या. काव्याला घेऊन खालीदच्या तळ्याकाठी फिरायला जाऊ लागले. मी देवापुढे दिवा लावला आणि सासूची मनातल्या मनात माफी मागितली. हारुनमास्तर तेवढे त्यांच्याजवळ बसेनासे झाले. विचारलं तर म्हणाले, गर्मी बहुत है.

ऑगस्टमध्ये मी आमच्या पलंगाची गादी नवी केली. नव्या फोमची, स्वतः कापून भरली.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी सकाळी चादर बदलायला काढली आणि सवयीनं गादीवरून हात फिरवला. माझ्या बाजूला माझा खळगा होता. बाळंतपणानं रुंदावलेला, जरासा भिंतीकडे वळलेला.

त्यांच्या बाजूला काहीच नव्हतं.

पंच्याऐंशी किलोचा माणूस तीन महिने रोज तिथं झोपत होता. फोम मी भरला त्या दिवशी होता तसा, कोरा.

मी तळहात दाबून धरला. ते आत्ताच उठून गेले होते. गादी गार होती.

"फिरवायचीय का?" चंद्रहास दारात उभे होते. दोन्ही पायांवर सारखे. "थांब, मी धरतो."

त्यांनी एक टोक उचललं. दुसरं माझ्या हातात होतंच. डोक्याकडची बाजू पायाकडे गेली, आणि माझा खळगा त्यांच्या बाजूला.

ते पायाकडे डोकं करून त्यावर आडवे झाले. खांदा, कंबर, मांडी, एकेक करून माझ्या खुणेत जुळवून घेतली. मी वळते तशीच कडेला कूस वळवली.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर बसलं."