तळ्याकाठी गब्बू जेवली

दातांची डॉक्टर असल्यामुळे तिला सहसा कशाचीच किळस येत नसे. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं, पू काढायचा आणि मधल्या सुट्टीत हात धुऊन डबा उघडायचा, हे अंगवळणी पडलेलं. तळ्याकाठच्या बागेत गाडीतून उतरली मात्र, तिने नाकाला रुमाल लावला. वास ओळखीचा होता. हिरड्या सडल्या की येतो तसा, गोडसर.

"थंडीत साचलेलं पाणी असंच वास मारतं," नवरा म्हणाला आणि त्याने पिशव्या सिमेंटच्या टेबलावर ठेवल्या.

आले होते ते गब्बूसाठी. त्यांची सात वर्षांची मुलगी एके काळी खरोखरच गब्दुल होती. महिन्यापूर्वी ताप आला, गेला, तपासण्यांत काही निघालं नाही, पण पोरीची अन्नावरची वासनाच उडाली. आता फासळ्या दिसत होत्या. सोमवारी दवाखान्यात भरती करून नाकातून नळी घालायचं ठरलं होतं. हाताशी एक रविवार होता, म्हणून सासूबाईंनी हट्ट धरला, मोकळ्या हवेत नेऊन तर बघा.

बागेत दुसरं माणूस नव्हतं. झोपाळे साखळीने बांधलेले, स्वच्छतागृहाला कुलूप. काठाशी पाच बदकं मुकाट बसली होती. पाण्यालगतच्या दगडांवर पिवळट थर चढलेला. तिने बुटाच्या टोकाने तो खरवडला, तर खाली काहीतरी गुलाबी, मऊ लागलं आणि त्यातून लालसर पाणी झिरपलं. शी! तिने बूट गवतावर घासला, पुन्हा पुन्हा घासला.

टेबलाशी सासूबाई उकडलेलं अंडं सोलून नातीच्या तोंडाशी धरून होत्या. "एवढं एकच, माझ्या राजा." गब्बूचे ओठ मिटलेले, नजर पाण्यावर. शेवटी वैतागून त्यांनी अंडं तळ्यात फेकलं. "घ्या, तुम्ही तरी खा."

बदकं जागची हलली नाहीत. अंडं बुडालं. गब्बूच्या गळ्यातून आवंढा उतरला.

"आजी, मीठ नाही लावलंस," ती म्हणाली.

नवरा हसला. सासूबाईही हसल्या, महिन्याभराने पोर काहीतरी चवीचं बोलली म्हणून. गब्बूच्या आईला हसू आलं नाही. तिने पावाला जॅम लावला, गाडीकडे जातेय असं दाखवलं आणि झुडपांमागून काठ गाठून तो पाण्यात सोडला. पाणी किंचित आत ओढलं गेलं आणि मिटलं.

परत आली तेव्हा गब्बू जिभेने टाळू साफ करत होती. "गोड नको, आई. त्याने पोट नाही भरत."

मग एक बदक गेलं. फडफड नाही, आवाज नाही. होतं, आणि नव्हतं.

गब्बू चावत होती. रिकाम्या तोंडाने, दोन्ही गाल फुगवून, सावकाश.

दुसरं गेलं.

पोरीला उचलावं, गाडीत टाकावं, म्हणून आई उठलीसुद्धा. पण गब्बूच्या गालांवर रंग चढत होता.

ती खाली बसली.

तिसरंही गेलं. गब्बूने ढेकर दिली. त्या वासाने आईने तोंड फिरवलं.

घरी आल्यावर तिने लेकीला दिव्याखाली बसवलं. "आ कर." दुधाच्या दाढांमध्ये काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढलं तर ओलं, करडं पीस निघालं, मुळाशी कातडीचा तुकडा चिकटलेला. उलटी दाबत तिने ते कापसात गुंडाळलं.

"काय गं, कीड लागलीय का?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"नाही, दात चांगले आहेत. वजनही वाढलंय. दवाखान्यात कळव, उद्या येत नाही म्हणून."

तो डोळे पुसत फोन शोधायला गेला.

"आई," गब्बू हळूच म्हणाली, "आता तिथे दोनच राहिलीत."

"बघते मी काहीतरी," ती म्हणाली. तिने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, पुसले. मग शेजारच्या काकूंकडे जाऊन विचारलं, त्यांच्या मांजरीच्या पिलांना कुणी नेलं, की अजून आहेत.