इंजिन क्रमांक १८३०७

रडत येणाऱ्या अशिलांचा उमा पाठकांना तिटकारा होता. कडूबा तुपे रडत नव्हते, म्हणून त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

"चोरीचा आळ आलाय," ते म्हणाले. "आज पाचपर्यंत इंजिन आणून दिलं नाय, तर साहेब चौकीत अर्ज देणार हायेत."

"रेल्वेचं इंजिन?" बद्रीनाथनं विचारलं. बद्रीनाथ हा उमाताईंचा सहकारी. मूळचा फुलंब्रीकडचा, मनानं भला. डोकं मात्र त्याला टोपी घालण्यापुरतं मिळालंय, असं उमाताईंचं मत होतं आणि ते त्या त्याच्यासमोरच बोलून दाखवत.

"मॉडेल हो. वीतभर लांब."

कडूबा चौतीस वर्षं डिझेल शेडमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर पुंडलिकनगरच्या अनंतराव देवळेंनी त्यांना बोलावलं. अनंतराव बँकेतून निवृत्त झालेले साहेब. घरातल्या एका खोलीत त्यांनी छोटी रेल्वे मांडली होती. परदेशातून मागवलेली, एकाच जातीची आठ डिझेल इंजिनं त्यांच्याकडं होती. सात खोक्यातून निघाली तशीच होती. आठव्यावर कडूबांनी चार महिने काम केलं. कारखान्याचा क्रमांक पुसला, प्लास्टिकचे कठडे कापून तारेचे बसवले, भोंगे आणि ब्रेकच्या नळ्या लावल्या, आणि शेवटी १८३०७ हा क्रमांक टाकला.

"हाच क्रमांक का?"

"त्या इंजिनावर मी लई राबलो, बाई. जालन्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली आन् कठड्याचा पुढचा डाव्या अंगाचा दांडा तुटला. शेडमध्ये तसला दांडा नव्हता. मीच पाण्याच्या पाइपाचा तुकडा जोडला, बाकीच्यापेक्षा जाड. भंगारात जाईस्तोवर ते तसंच फिरलं. मॉडेललाबी मी तिथं जाड तार घातली."

"हे अनंतरावांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी इचारलंच नाय. क्रमांक सरळ बसला का, तेवढं बघायचे."

"भांडण कशावरून झालं?"

"रविवारी छंदाचं प्रदर्शन हाय. तिथं सोताच्या हातानं केलेलंच ठेवता येतं. साहेबांनी इंजिनापुढं ठेवायला आपल्या नावाची चिठ्ठी तयार केली व्हती. मंगळवारी मी म्हनलं, माझं नाव टाका, नायतर तिथं येऊन सांगीन. मोबाइलात फोटो हायेत माझ्याकडं. गुरुवारी सकाळी साहेबांचा फोन आला, इंजिन गेलं म्हनून." कडूबांनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "चौतीस वर्सांत शेडमधला एक बोल्ट घरी नेला नाय मी. आता गल्लीतून पोलिसांसंगं जायचं का?"

मोबाइलमधले फोटो बघून उमाताई उठल्या.

अनंतरावांनी दार उघडलं ते कडूबांकडं न बघता. "तुम्ही या, बाई. हा बाहेरच थांबेल. मी चोराला घरात घेत नाही."

कडूबा पायरीवर बसले. उमाताईंनी अनंतरावांना चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं आणि आत गेल्या.

खोलीत भिंतभर पुस्तकं होती. अनंतरावांनी पंधरा मिनिटं इंजिनांच्या जातींवर प्रवचन दिलं. स्क्रू फिरवायची वेळ आली की हा माणूस हाक मारत असणार, हे त्यांच्या गुळगुळीत नखांकडं बघून कळत होतं.

"इथं होतं," ते रिकाम्या काचपेटीकडं बोट करून म्हणाले. "पेटीची किल्ली टेबलावरच असते. बुधवारी सकाळी कडूबा हत्यारं न्यायला आला होता. संध्याकाळी पुतण्या येऊन गेला. मी तेव्हा बाहेर होतो. पुतण्यावर मी संशय घेत नाही."

"का?"

"घरचा आहे."

बद्रीनाथ तोवर फळीवरच्या इंजिनांशी खेळत होता. एकदम त्यानं बोट तोंडात घातलं. "तार टोचली."

"हात लावू नका," अनंतराव खेकसले. "ते मी प्रदर्शनासाठी केलंय. चांगलं होतं ते चोरानं नेलं, आता माझ्या या साध्यासुध्या कामावरच भागवायचं."

त्या इंजिनावर १८२१९ हा क्रमांक होता. उमाताईंनी खाली वाकून त्याचं पुढचं अंग बराच वेळ निरखलं आणि "छान," एवढंच म्हणून त्या खोलीबाहेर पडल्या.

"माणसं येडी असतात, ताई," बद्रीनाथ बोळात कुजबुजला. "एकाच वाणाची आठ-आठ खेळणी फळीवर मांडून बसायचं म्हणजे."

स्वयंपाकघरात अनंतरावांच्या पत्नी भानुमती भाजी निवडत होत्या.

"मी घेतलं असेल असं वाटतं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "घेतलं असतं तर सगळीच घेतली असती आणि भंगारवाल्याला दिली असती. एकच कशाला?"

"बुधवारी काही वेगळं घडलं?"

"हे देवभक्त झाले. दुपारी खिडक्या लावून त्या खोलीत उदबत्त्या लावत बसले होते. चाळीस वर्षांत माझ्या देवापुढं यांनी एक लावली नाही. म्हटलं, बक्षिसासाठी नवस केला असेल."

पुतण्या श्रीधर वाळूजच्या एका कारखान्यात होता. रात्रपाळी असल्यामुळं तो दिवसा मोकळा होता. काकांनी बोलावल्यावर आला, पण तोंड पाडून.

"बुधवारी संध्याकाळी तू खोकं घेऊन गेलास," उमाताई म्हणाल्या.

"डबा होता त्यात. गाडीचा डबा. चाक निसटलंय, ते बसवायला नेलाय. घरी येऊन बघा."

"ते इंजिन तुला हवं होतं."

"कोणाला नको असेल? कडूबांसारखा हात शहरात दुसरा नाही. मी काकांना दोनदा म्हटलं, मला विका. नाही म्हणाले."

"मग काकांनी त्याच्या जागी दुसरं मागवलं का?"

"कुठलं? दोन वर्षांत एक नवीन आलेलं नाही. आठच होती, आता एक गेलं."

साडेचार वाजले होते. अनंतराव अर्जाचा कागद हातात धरून दिवाणखान्यात फेऱ्या मारत होते.

"ताई, हा पोरगाच असंल," बद्रीनाथ हळूच म्हणाला. "साहेबाचं तर नुकसानच झालं. बक्षिसाचं इंजिन गेलं त्याचं."

"बद्रीनाथ, बाहेर जा आणि कडूबांना आत आणा. येताना ते फळीवरचं इंजिनही आणा, तुम्हाला टोचलं ते."

"मी सांगितलंय, तो आत येणार नाही," अनंतराव म्हणाले.

"येतील. आणि खुर्चीवर बसतील."

सगळे जमले. इंजिन टेबलावर ठेवलं गेलं. कडूबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. उमाताईंनी हातानं त्यांना थांबवलं.

"अनंतराव, तुम्ही जाणकार आहात. हा पुढचा डावा दांडा बाकीच्यांपेक्षा जाड का?"

"या जातीच्या सगळ्या इंजिनांना तो तसाच असतो," अनंतराव ठसक्यात म्हणाले. "पुस्तकात बघून केलाय मी."

"पुस्तक आणा. दाखवा."

अनंतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नाही सापडणार," उमाताई म्हणाल्या. "तसा दांडा एकाच इंजिनाला होता, १८३०७ला. म्हशीनं तोडलेला आणि कडूबांनी पाइप लावून जोडलेला. त्यांच्या मोबाइलमधल्या फोटोतही तो दिसतो. क्रमांक बदलला की इंजिन बदललं, असं तुम्हाला वाटलं. आयुष्यभर कागद बघणाऱ्या माणसाला तसंच वाटणार."

श्रीधर टेबलाजवळ सरकला.

"तुमच्याकडं आठ इंजिनं होती. एक चोरीला गेलं आणि दोन वर्षांत नवीन आलेलं नाही, म्हणजे फळीवर सात हवीत. बद्रीनाथनं आठ मोजली. माझ्या बद्रीनाथला दुसरं काही येत नसलं तरी आठपर्यंत मोजता येतं."

बद्रीनाथला ही स्तुती वाटली.

"क्रमांकाची पातळ पट्टी पाण्यात भिजवून चिकटवतात आणि वर वार्निश मारतात. वार्निशचा वास तासन्‌तास राहतो. तो लपवायला बुधवारी खिडक्या लावून उदबत्त्या जाळल्या. तुमच्या पत्नीला तो नवस वाटला. चोरी मुळात झालीच नव्हती."

"पण आपलंच इंजिन चोरीला गेलं म्हणून कोण सांगंल?" बद्रीनाथ म्हणाला.

"ज्याला दुसऱ्याचं काम चोरायचंय तो. प्रदर्शनात १८३०७ ठेवलं असतं तर कडूबा फोटो घेऊन तिथं उभे राहिले असते. १८२१९ हा क्रमांक त्या फोटोंत नाही. आणि चोर ठरलेल्या फिटरचं तिथं कोण ऐकणार? एका चिठ्ठीवर नाव यावं म्हणून या गृहस्थांनी म्हाताऱ्या माणसाला पोलिसांत द्यायचं ठरवलं. मी खुनी पाहिलेत, अनंतराव. त्यांच्यापुढं निदान काहीतरी मोठं असायचं."

अनंतरावांनी अर्ज घडी करून खिशात घालायला घेतला.

"राहू द्या बाहेर," उमाताई म्हणाल्या. "मजकूर तयारच आहे. आरोपीचं नाव तेवढं बदला. बदलाबदली जमते तुम्हाला."

भानुमतींनी पुढं होऊन त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि त्याचे चार तुकडे केले. "कडूबांची माफी मागा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर."

अनंतराव काहीतरी पुटपुटले. कोणालाच ऐकू गेलं नाही. भानुमतींनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मग ते घसा साफ करून, पूर्वीच्या साहेबी आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. कडूबा, असं करू. चिठ्ठीवर दोघांचीही नावं टाकू."

कडूबांनी इंजिन उचलून उजेडाकडं धरलं. अंगठ्यानं १८२१९वर हलकेच चाचपलं.

"तुमचं कशापायी, साहेब?" ते म्हणाले. "तुम्ही निस्ता क्रमांक टाकला. तोबी वाकडा बसलाय."