साक्षीदाराचा रकाना

योसेफ भिंगारदिवे यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे कालव्यांचे नकाशे काढले होते. तंत्रनिकेतनात अंगी बाणलेली शिस्त निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. नातू जोशुआच्या बाप्तिस्म्याला कुळाची वंशावळ भेट द्यायची, असे ठरवून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर सहा पिढ्या आखल्या. एकाच चौकटीत मृत्यूचा सन कोरा राहिला. पणजोबा भिमाजी; बाप्तिस्मा १८८७, वय चोवीस. दफनाची नोंद कुठेच नव्हती.

"अप्पा, टाका की अंदाजे एखादा सन," सून ग्रेस हसून म्हणाली. "पणजोबा काही तक्रार करायला येणार नाहीत."

"पुराव्याशिवाय आकडा लिहीत नसतात, बाळ."

शनिवारी सकाळी ते राहुरीजवळच्या जुन्या चर्चमध्ये पोचले. किल्ल्या सांभाळणाऱ्या छबूबाईंनी मागच्या खोलीतले कपाट उघडले. ओल्या चुन्याचा आणि कुजक्या कागदाचा वास आला.

"आता मेलेली मान्सं तुमाला नावानं हाक मारतील, योसेफभाऊ," त्या म्हणाल्या.

दफनाच्या वह्या दोनदा तपासून झाल्या होत्या. म्हणून या वेळी त्यांनी बाप्तिस्म्याच्या वहीतला शेवटचा रकाना धरला. बाळाशेजारी कुळातला एक वडीलधारा उभा राहतो आणि साक्षीदार म्हणून सही किंवा अंगठा देतो, असा इथला रिवाज.

१९१९. साक्षीदार भिमाजी, अंगठ्याच्या ठशातून गेलेला जखमेचा तिरपा वण. योसेफ यांना आनंद झाला. १९३१. तोच ठसा. वय अडुसष्ट, शक्य होते. १९४८. पंच्याऐंशी, तेही शक्य होते.

मग १९७६.

त्यांनी भिंगातून पाहिले, कर्कटकाने वणाची लांबी मोजली. केसाइतकाही फरक नव्हता. तेव्हा भिमाजी एकशे तेरा वर्षांचे असायला हवे होते.

बाळ होते योसेफ यांचीच थोरली लेक, सारा. त्या दिवशी ते स्वतः हजर होते. शेजारी कोण उभे होते, हे मात्र आठवेना. कुणीतरी म्हातारे, स्वच्छ धोतरातले, एवढेच.

सारा अकराव्या महिन्यात गेली होती.

तरीही त्यांनी पद्धत सोडली नाही. उरलेल्या तीन बाळांची नावे दफनाच्या वहीत शोधली. तिन्ही सापडली. एकाही लेकराने वर्ष ओलांडले नव्हते. कुळातल्या जगलेल्या मुलांचे साक्षीदार वेगळे होते.

"छबूबाई, आमच्या साराच्या वेळी साक्षीला कोण होतं?"

"म्या पोर हुते तवा. म्हातारं हुतं एक. कुनाशी बोललं न्हाई, जेवायबी थांबलं न्हाई. तुमचंच मानूस म्हनून कुनी इचारलं न्हाई."

घरी येताच त्यांनी बाप्तिस्मा पुढे ढकलायला सांगितले.

"अप्पा, पुणतांब्याचे पाहुणे निघालेसुद्धा," ग्रेस म्हणाली. "त्यांना कारण काय सांगू?"

कारण होते. सांगण्याजोगे नव्हते.

रविवारी पाळकांनी विचारले, "बाळाच्या बाजूने कोण उभे राहणार?"

"मी!" योसेफ इतक्या मोठ्याने म्हणाले, की मागच्या बाकांवर हशा पिकला.

त्यांनी सही केली. रकान्यात जागा उरू नये म्हणून सहीखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढली. वही स्वतःच्या हाताने मिटली.

कपाळावर पाणी पडले तरी जोशुआ रडला नाही.

"गुणाचं गं लेकरू," कुणीतरी म्हणाले.

योसेफ यांनी वाकून पाहिले. बाळाची उजवी मूठ वर उचललेली होती. मिटलेली, पण पुरती नव्हे. आत मोठ्या माणसाच्या बोटाएवढी पोकळी होती. आणि ती मूठ अगदी सावकाश, मायेने, कुणी झुलवावी तशी झुलत होती.

त्यांनी आपली करंगळी त्या पोकळीत घालून पाहिली.

आत जागा नव्हती.